गळका स्लॅब आणि पिवळं पुस्तक

चिपळूणजवळच्या आमच्या मामांच्या नव्या घराचा स्लॅब पहिल्याच पावसात गळला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात परात ठेवली होती, बाहेर पाऊस कोसळत होता आणि पडवीत तिघांची बोलणी चालली होती. आर्किटेक्ट म्हणाले, "गच्चीला उतार नीट दिलेला नाही. हे काम ठेकेदाराचं." ठेकेदार म्हणाला, "काका, एवढ्या मोठ्या गच्चीला पाणी जायला नकाशात एकच पाईप दाखवलाय. मी नकाशाबरहुकूम बांधलं."

मामांच्या हातात दोन करार होते, एक आर्किटेक्टशी आणि एक ठेकेदाराशी. दोन्ही पुन्हापुन्हा वाचूनही उत्तर सापडेना. आर्किटेक्टने बांधकामाची हमी दिली नव्हती आणि ठेकेदाराने नकाशाची. पुढच्या वर्षी मामांनी पदरमोड करून गच्चीवर पत्रे चढवले. कोकणात स्लॅबवर पत्रे घातलेली घरं गावोगाव दिसतात. त्यांतल्या काही घरांमागे तरी अशीच न सुटलेली बोलणी असणार.

मामांचा प्रश्न फार जुना आहे. नकाशा एकाचा, बांधकाम दुसऱ्याचं आणि पैसे तिसऱ्याचे, मग चुकीचा भुर्दंड कुणी सोसायचा? या प्रश्नातून बांधकामाची एक वेगळी पद्धत वाढली. तिचं नाव 'डिझाइन-बिल्ड'. नकाशा काढणं आणि बांधणं या दोन्ही जबाबदाऱ्या तिच्यात एकाच ठेकेदाराकडे असतात. या पद्धतीसाठी जगभर छापील, तयार करारमसुदे वापरले जातात. ते वाचायला रुक्ष वाटतात, पण मामांसारखा पेच पडला तर कोणी काय करायचं हे त्यांत आधीच लिहून ठेवलेलं असतं.

नकाशा ज्याचा, चूक त्याची

आधी जुनी पद्धत पाहू. तिचा सर्वांत प्रसिद्ध खटला अमेरिकेतला आहे आणि योगायोग असा, की तोही पावसाच्या पाण्याचाच आहे.

१९०५ साली स्पिअरिन नावाच्या ठेकेदाराने न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या नौदल गोदीत एक कोरडी गोदी बांधून द्यायचा ठेका घेतला. किंमत ठरली ७,५७,८०० डॉलर. नकाशे सरकारचे होते. जागेतून सहा फुटी विटांचं एक गटार जात होतं. ते बाजूला वळवायचं होतं आणि कुठून, केवढं, कशाचं, हे सगळं नकाशात दिलेलं होतं. स्पिअरिनने ते तसंच बांधलं आणि सरकारने ते काम स्वीकारलं. सुमारे वर्षभराने भरतीच्या वेळीच मुसळधार पाऊस झाला. गटारात पाण्याचा दाब वाढला, ते फुटलं आणि गोदीसाठी खणलेला सगळा खड्डा पाण्याने भरला. मागाहून कळलं, की जवळच्या दुसऱ्या एका गटारात पाच-साडेपाच फूट उंचीचा बांध होता आणि पाणी त्यालाच अडलं होतं. तो बांध नकाशात दाखवलेलाच नव्हता.

सरकारने जबाबदारी घेतल्याशिवाय पुढचं काम करणार नाही, असं स्पिअरिनने कळवलं. सरकारने त्याचा ठेकाच रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९१८ साली निकाल लागला. नकाशे तू दिलेस, म्हणजे ते पाळले तर काम टिकेल अशी हमीही तूच दिलीस, असा त्या निकालाचा सरकारला उद्देशून अर्थ होता. ठेकेदाराने जागा पाहून घ्यावी, नकाशे तपासावेत, अशी कलमं करारात होती. तेवढ्याने ही हमी पुसली जात नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अमेरिकेतल्या बांधकाम व्यवहारात आजही हे तत्त्व स्पिअरिनच्याच नावाने ओळखलं जातं.

मामांना हा निकाल वाचून दाखवला असता, तर त्यांना आनंद झाला नसता. या तत्त्वाने ठेकेदार सुटतो. मालकाने आर्किटेक्टकडे जायचं, तर आर्किटेक्टने हलगर्जी केली हे सिद्ध करायचं. ते जमलं नाही, तर गळकं घर मालकाचंच.

आचाऱ्याची यादी आणि ताटाचा भाव

पूर्वी लग्नघरी आचारी यादी द्यायचा. तूरडाळ किती, गूळ किती, तूप किती डबे. सामान घरचे लोक आणायचे आणि आचारी रांधायचा. पंगतीत जेवण कमी पडलं, की आचारी म्हणायचा सामान कमी आलं आणि घरचे म्हणायचे यादीच चुकली. आता बहुतेक ठिकाणी ताटावर ठेका देतात. तीनशे माणसं, एवढे पदार्थ, बारा वाजता पहिली पंगत, ताटाला अमुक रुपये. डाळ किती लागते हा आता केटररचा प्रश्न. पान रिकामं राहिलं, तर उत्तर द्यायला एकच माणूस.

सरकारी बांधकामं बरीचशी यादीच्या पद्धतीने चालत आली आहेत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात बी-१ आणि बी-२ हे निविदांचे नमुने ठेकेदारांच्या तोंडी असतात. बी-१ मध्ये खात्याच्या अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त असा एकच आकडा भरायचा, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर लिहायचा. खोदाई इतके घनमीटर, काँक्रीट इतके घनमीटर, सळई इतके टन. जेवढं काम होईल तेवढं मोजमाप पुस्तकात चढतं आणि त्यावरून बिल निघतं. आराखडा खात्याचा असल्यामुळे परिमाण वाढलं, तर पैसेही वाढतात.

डिझाइन-बिल्ड म्हणजे ताटाचा भाव. मालक काय हवं ते सांगतो, ते कसं करायचं हे ठेकेदार ठरवतो आणि किंमत बहुधा एकरकमी असते. मोजमाप पुस्तकाची जागा टप्प्यांची यादी घेते. पाया झाला की इतके टक्के, खांब उभे राहिले की इतके टक्के. पायात काँक्रीट जास्त गेलं, तर तो ठेकेदाराचा हिशोब. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांच्या कामांत 'ईपीसी' या नावाने हीच पद्धत रुळली आहे. मुंबईतल्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो ३ ची भुयारं आणि स्थानकंही आरेखन आणि बांधकाम एकत्र अशाच ठेक्यांनी दिली गेली.

या पद्धतीचा एक मोठा फायदा वेळेचा आहे. वरच्या मजल्याचे नकाशे पूर्ण व्हायच्या आत पायाचं काम सुरू करता येतं. तोटाही तितकाच खरा आहे. जुन्या पद्धतीत आर्किटेक्ट मालकाचा माणूस असतो आणि ठेकेदारावर त्याची नजर असते. इथे नकाशा काढणारा ठेकेदाराच्याच पगारावर. म्हणून मोठ्या कामांत मालक स्वतःचा वेगळा सल्लागार नेमतो. त्याचं काम नकाशे काढण्याचं नसतं. तो आलेले नकाशे पाहतो आणि कामावर लक्ष ठेवतो.

छापील करार कशासाठी

प्रत्येक कामाला नव्याने करार लिहिता येईल. पण शंभर-दीडशे पानांचा कोरा करार म्हणजे शंभर-दीडशे पानांची अनिश्चितता. निविदा भरणाऱ्याला प्रत्येक वाक्यात काय दडलंय ते शोधावं लागतं, आणि जे उमगत नाही त्याची किंमत तो भावात धरतो. छापील मसुद्याचं तसं नसतं. त्यातलं प्रत्येक कलम आधी हजारो कामांत वापरलं गेलेलं असतं, त्यावर भांडणं झालेली असतात, निकाल लागलेले असतात. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. भाडेकराराचा ठरलेला नमुना वापरताना आपणही नाव, पत्ता, भाडं आणि अनामत एवढंच नीट तपासतो, ते याच भरवशावर.

अमेरिकेत आर्किटेक्टांच्या संस्थेने, 'एआयए'ने, बांधकामाचा पहिला सर्वसामान्य करारनमुना १८८८ साली आणला. डिझाइन-बिल्डचे तिचे पहिले नमुने मात्र १९८५ चे आहेत, म्हणजे मध्ये जवळजवळ शंभर वर्षं गेली. ब्रिटनमध्ये 'जेसीटी' ही संस्था १९३१ पासून आहे आणि तिचा ठेकेदाराने आरेखन करायचा नमुना १९८१ साली आला. आंतरराष्ट्रीय कामांत सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते 'फिडिक'चं. सल्लागार इंजिनिअरांचा हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९१३ साली स्थापन झाला. त्याचे करार मुखपृष्ठाच्या रंगावरून ओळखले जातात. साइटवरचे इंजिनिअर सहज विचारतात, "रेड आहे की यलो?"

पिवळ्या पुस्तकाची गोष्ट मला फार आवडते. १९६३ साली ते आलं तेव्हा ते इमारतींसाठी नव्हतंच, विद्युत आणि यांत्रिक कामांसाठी होतं. वीजकेंद्रातलं टर्बाइन विकत घेणारा त्याचा नकाशा काढत नाही. जो टर्बाइन बनवतो, तोच त्याचं आरेखन करतो. मालक फक्त एवढी वीज हवी म्हणतो. यंत्रांच्या बाबतीत ही रीत सगळ्यांना सहज पटत होती. १९९९ साली फिडिकने सगळे मसुदे नव्याने लिहिले आणि पिवळं पुस्तक यंत्रसामग्रीबरोबरच डिझाइन-बिल्ड बांधकामासाठीही झालं. यंत्राच्या व्यवहारातली रीत पुलाला आणि इमारतीला लागू झाली.

> चौकट : फिडिकचे रंग
>
> लाल : आरेखन मालकाचं, बांधकाम ठेकेदाराचं. पहिली आवृत्ती १९५७.
>
> पिवळं : आरेखन आणि बांधकाम दोन्ही ठेकेदाराचं. जमिनीतल्या अनपेक्षित अडचणींची जोखीम बरीचशी मालकाकडे.
>
> रुपेरी : सगळं तयार करून किल्ली हातात द्यायची. जवळजवळ सगळी जोखीम ठेकेदाराची, आणि त्या मानाने किंमतही चढी.
>
> सोनेरी : बांधून झाल्यावर ठेकेदारानेच बरीच वर्षं चालवायचं. २००८.
>
> पाचूचं : भुयारी कामांसाठी. २०१९.
>
> लाल, पिवळ्या आणि रुपेरी पुस्तकांची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये निघाली.

मालकाने लिहायचं पान

पिवळ्या करारावर सही झाली, की हाती येतो तो कागदांचा गठ्ठा असतो. त्यात छापील सर्वसाधारण अटी असतात आणि या कामापुरते त्यांत केलेले फेरफार असतात. 'मालकाच्या गरजा' नावाचा एक दस्तऐवज असतो. त्या गरजा आपण कशा पुऱ्या करणार हे सांगणारा ठेकेदाराचा प्रस्ताव असतो. शिवाय किंमत आणि टप्प्यांचं वेळापत्रक.

या गठ्ठ्यातले दोन कागद एकमेकांशी भांडले तर? करारात त्यांचा मानाचा क्रमच दिलेला असतो. १९९९ च्या पिवळ्या पुस्तकात मालकाच्या गरजा ठेकेदाराच्या प्रस्तावाच्या वर आहेत. मालकाने चार पाईप मागितले, प्रस्तावाच्या नकाशात तीन दिसले आणि कुणाच्या लक्षात न येता सह्या झाल्या, तरी चारच बसवायचे. ब्रिटनच्या जेसीटी करारात गोष्ट इतकी सरळ नाही. ठेकेदाराचा प्रस्ताव आपण पाहिला आणि तो आपल्या गरजांत बसतोसा दिसतो, असं मालक त्यात सुरुवातीलाच म्हणून ठेवतो. मग विसंगती निघाली, की वादाला जागा राहते.

छापील अटींवर वकील रात्री जागवतात. माझ्या मते मात्र सगळ्यांत जास्त जीव ओतायला हवा तो मालकाच्या गरजांच्या पानांत. आणि नेमकी हीच पानं पुष्कळदा घाईत, आधीच्या एखाद्या कामावरून उतरवून भरलेली असतात. गरज लिहिताना दोन टोकांना जाता येतं. 'चांगल्या दर्जाची इमारत' एवढंच लिहिलं, तर ठेकेदार काहीही देऊ शकतो. उलट प्रत्येक तुळईची जाडी लिहून ठेवली, तर आरेखन पुन्हा मालकाकडेच आलं आणि चुकलं तर बोट मालकाकडेच वळणार. जेवणाच्या ठेक्यात 'भाजी चांगली हवी' हेही अपुरं आणि 'फोडणीला इतके चमचे तेल' हेही घातक. लिहायचं असतं ते यांच्या मधलं. किती माणसं, किती वाजता, कोण काय खात नाही.

मालकाच्या गरजांतच चूक असेल तर काय? पिवळं पुस्तक म्हणतं, की काम सुरू झाल्यावर ठेकेदाराने त्या बारकाईने तपासाव्यात. २०१७ च्या आवृत्तीत वेगळं काही ठरवलेलं नसेल, तर त्यासाठी ४२ दिवस मिळतात. अनुभवी ठेकेदाराला नीट पाहिल्यावर सापडली असती अशी चूक असेल, तर ती त्याच्या माथी. सापडण्यासारखी नसेल, तर वाढीव वेळ आणि पैसे मालकाने द्यायचे. रुपेरी पुस्तक बरंच कडक आहे. त्यात मालकाच्या गरजांमधल्या चुकाही बहुतेक ठेकेदाराच्याच. पण काही थोड्या गोष्टी तेही ठेकेदारावर टाकत नाही, आणि त्यांतली एक म्हणजे बांधकाम कशासाठी हवं याची व्याख्या. सगळं दुसऱ्यावर सोपवता येतं, पण मला काय हवंय हे मालकालाच सांगावं लागतं.

नकाशे मालकाच्या इंजिनिअरकडे तपासणीला जातात तेव्हाही हीच काळजी घेतलेली असते. १९९९ च्या अटींत ही तपासणी जास्तीत जास्त २१ दिवसांत उरकायची असते. नकाशावर 'पाहिलं' असा शिक्का बसला, म्हणून ठेकेदाराची जबाबदारी मालकाकडे सरकत नाही. शाळेत बाईंनी वही तपासली, तरी परीक्षेतलं उत्तर मुलाचंच असतं.

डॉक्टर आणि कवळी

आता या विषयाचा गाभा. नकाशा काढणारा माणूस नेमकं कशाचं वचन देतो?

ताप आला, की आपण डॉक्टरकडे जातो. डॉक्टर बरं करण्याची हमी देत नाहीत. चांगला डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेईन, एवढंच त्यांचं वचन. पण दाताच्या डॉक्टरांकडे कवळी करायला टाकली आणि ती तोंडात बसलीच नाही, तर "मी पुष्कळ काळजी घेतली होती" हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. कवळी बसायलाच हवी.

हा फरक इंग्लंडच्या अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी १९७५ साली एका डिझाइन-बिल्ड प्रकरणातच मांडला होता. तेलाची पिंपं ठेवायचं एक गोदाम ठेकेदाराने आरेखनासकट बांधून दिलं होतं. वरच्या मजल्यावर पिंपं वाहून नेणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या फिरू लागल्या आणि त्यांच्या हादऱ्यांनी जमिनीला तडे गेले. गोदाम कशासाठी आहे हे ठेकेदाराला ठाऊक होतं. मग ते त्या कामाला उपयोगी पडायलाच हवं, तो किती काळजीपूर्वक वागला हा प्रश्न नंतरचा.

आर्किटेक्ट किंवा सल्लागार इंजिनिअर बहुतेक वेळा डॉक्टरसारखं वचन देतो. डिझाइन-बिल्ड ठेकेदाराकडून कवळीसारखं वचन घेता येतं. पिवळ्या पुस्तकात ते सरळ लिहिलेलं आहे. काम पूर्ण झाल्यावर ते ठरलेल्या हेतूला उपयोगी पडलं पाहिजे. २०१७ च्या आवृत्तीत पुढे जोडलं आहे, की हेतू मालकाच्या गरजांत लिहिलेला असेल तो, आणि लिहिलेलाच नसेल तर अशा बांधकामाचा जो नेहमीचा हेतू असतो तो. जेसीटीचा करार मात्र ठेकेदाराला डॉक्टरच्या पातळीवर ठेवतो. यामागे विम्याचं कारण आहे. व्यावसायिक जबाबदारीचा विमा सहसा हलगर्जीपणाची भरपाई देतो, दिलेल्या हमीची नाही. कवळीचं वचन देणाऱ्या ठेकेदाराला नुकसान झालं, तर ते स्वतःच्या खिशातून भरावं लागू शकतं. म्हणून तो भाव चढा लावतो. 'डिझाइन-बिल्ड' हा शब्द दोन्ही करारांवर छापलेला असतो, तरी मालकाच्या पदरात पडणारी वस्तू वेगवेगळी असते.

दहापट चुकलेला आकडा

या वचनाचं वजन किती, ते समुद्रातल्या पवनचक्क्यांनी दाखवून दिलं. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या सॉल्वे खाडीत रॉबिन रिग नावाचं ठिकाण आहे. तिथे ई.ऑन या वीजकंपनीसाठी ६० पवनचक्क्यांचे पाये आरेखित करून बसवण्याचं काम एमटी हॉयगॉर या डॅनिश कंपनीने घेतलं. समुद्राच्या तळात एक जाड पोलादी नळकांडं ठोकायचं, त्यावर दुसरं नळकांडं टोपीसारखं बसवायचं आणि दोहोंमधली फट ग्राउटने, म्हणजे सिमेंटसारख्या घट्ट होणाऱ्या लगद्याने, भरायची. ही पकड किती भार सोसेल, हे 'जे१०१' नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सूत्राने काढलं होतं.

त्या सूत्रातच चूक होती. एक मूल्य सुमारे दहापट चुकलं होतं, त्यामुळे पकड आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त मजबूत दिसत होती. काम झाल्यावर वरची नळकांडी खाली सरकू लागली. दुरुस्तीचा खर्च होता २ कोटी ६२ लाख ५० हजार युरो.

ठेकेदाराने मानक तंतोतंत पाळलं होतं. करारात मानक पाळण्याची अट होती आणि काळजीपूर्वक काम करण्याचीही. पण तांत्रिक गरजांच्या भल्यामोठ्या दस्तऐवजात एका उपकलमात असंही होतं, की पायांचं आरेखन २० वर्षं टिकेल असं असावं. खालच्या न्यायालयाने ठेकेदाराला जबाबदार धरलं. अपील न्यायालयाने त्याला सोडलं. एवढ्या किरकोळ जागी असलेल्या वाक्यावर एवढा मोठा भार टाकता येणार नाही, असा त्याचा सूर होता. ३ ऑगस्ट २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठेकेदारालाच जबाबदार ठरवलं. मानक ही किमान पायरी आहे आणि फळ काय हवं हे करारात वेगळं लिहिलेलं असेल, तर दोहोंपैकी जे कठोर ते लागू.

हा करार फिडिकचा नव्हता, या कामासाठी खास लिहिलेला होता. त्यामुळेच तो मला जास्त बोलका वाटतो. एकच अपेक्षा दोन-तीन ठिकाणी, दोन-तीन तऱ्हांनी लिहिली गेली होती आणि त्यांचा मेळ कुणी घातला नव्हता. त्या एका वाक्याचं वजन ठरवायला तीन न्यायालयं लागली. ठेकेदाराबद्दल मला वाईट वाटतं. तरीही निकाल मला पटतो. वीस वर्षं टिकणारा पाया मागणाऱ्याने सूत्र कुठलं वापरायचं हे सांगितलं, म्हणून त्याचं मागणं हलकं होत नाही.

जमिनीच्या पोटात काय आहे?

ताटाच्या भावाची पद्धत एका ठिकाणी अडते. केटररला स्वयंपाकघर दिसतं, ठेकेदाराला जमिनीच्या पोटातलं दिसत नाही. चार ठिकाणी बोअर घेऊन दगड तपासला, पण पाचव्या ठिकाणी चिखल निघाला, तर?

पिवळ्या पुस्तकाचं उत्तर असं : निविदा भरताना अनुभवी ठेकेदाराला ज्याचा अंदाज येणं शक्य नव्हतं, अशी भौतिक अडचण आली, तर जादा वेळ आणि खर्च मागता येतो. रुपेरी पुस्तकात सगळ्या अडचणी ठेकेदाराने आधीच गृहीत धरल्या असं समजलं जातं. ऐकायला रुपेरी फार छान, मालकाला घोर नाही. पण फिडिकने त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सावध केलं आहे, की निविदा भरणाऱ्यांना तपासायला पुरेसा वेळ किंवा माहिती नसेल, किंवा जमिनीखालचं काम मोठं असेल, तर हे पुस्तक वापरू नका. ज्याला दिसत नाही त्याच्यावर न दिसणाऱ्याची जोखीम टाकली, तर सावध ठेकेदार भाव दुप्पट करतो, आणि बेसावध ठेकेदार कमी भावात काम घेऊन अर्ध्यावर बुडतो. दोन्हींत मालकाचं नुकसान.

भुयारांसाठी निघालेल्या पाचूच्या पुस्तकाने यावर मला फार समंजस वाटणारा मार्ग काढला. जमीन अशी असेल, इतका कठीण दगड, इतका भुसभुशीत, असं एक आधारचित्र करारातच लिहायचं. प्रत्यक्ष जमीन त्या चित्रापेक्षा वाईट निघाली, तर फरकाचा भार मालकावर. चित्राच्या आतलं सगळं सांभाळायचं ठेकेदाराने. जमीन खरोखर कशी आहे यावर कुणी पैज लावत नाही. वाद झालाच, तर तो चित्र आणि जमीन यांच्यातल्या अंतरापुरता राहतो.

अठ्ठावीस दिवस

जादा पैसे मागायचे तर मुदतीत मागायचे, हा या करारांचा आणखी एक कणखर नियम. अडचण कळल्यापासून २८ दिवसांत लेखी सूचना दिली नाही, तर फिडिकच्या अटींनुसार हक्क जातो. निर्दय वाटतं, पण हेतू साधा आहे. खड्ड्यात चिखल दिसतोय तोवर मालकाच्या इंजिनिअरला तो पाहता यावा. वर्षाने सांगितलं, तर वर इमारत उभी राहिलेली असते. आपल्याकडे मात्र भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम २८ आहे. ठरावीक मुदत संपली म्हणून हक्कच नाहीसा करणाऱ्या अटी १९९७ च्या दुरुस्तीने निरर्थक ठरतात. त्यामुळे भारतातल्या कामांत हे २८ दिवस किती घट्ट धरायचे, यावर वकिलांचा वाद रंगतो.

विलंबाच्या दंडाचंही तसंच. रोजची रक्कम करारात आधीच लिहिलेली असते. पण कलम ७४ प्रमाणे भारतीय न्यायालय वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा ठरते. जिनिव्हात छापलेलं पुस्तक रत्नागिरीत उघडलं, की इथला कायदाही त्याच्याबरोबर वाचावा लागतो. कामापुरते फेरफार लिहायला वेगळी पानं ठेवलेली असतात, ती याचसाठी.

तरीही वाद झालाच, तर थेट लवादाकडे धावायचं नसतं. आधी दोघांनी मिळून नेमलेल्या निवाडा मंडळाकडे जायचं आणि मंडळाने ८४ दिवसांत निर्णय द्यायचा. निर्णय पटो न पटो, तूर्त पाळायचा आणि काम चालू ठेवायचं. पटला नाही, तर २८ दिवसांत तसं कळवून पुढे लवाद. मामांच्या पडवीत असा एक जाणता, दोघांनाही मान्य असलेला चौथा माणूस बसला असता, तर पत्रे कुणाच्या पैशाने चढायचे ते त्याच पावसाळ्यात ठरलं असतं.

मामांचं गोदाम

गेल्या वर्षी मामांच्या मुलाने घरामागे काजूचं गोदाम बांधायला काढलं. या वेळी त्याने एकाच ठेकेदाराला नकाशासकट काम दिलं. एवढ्याशा कामाला फिडिक आणायचं कारण नव्हतं, पण मालकाच्या गरजांचं पान मात्र आम्ही दोन संध्याकाळी बसून लिहिलं. गोदामात किती पोती राहणार, एकावर एक किती उंच. पिकअप आतपर्यंत आली पाहिजे, जमिनीला तडा जाता कामा नये. सलग आठ दिवस पाऊस पडला, तरी आत ओल दिसता कामा नये. छपराला किती पाईप आणि उतार किती, हे मुद्दाम लिहिलं नाही.

ठेकेदाराने ते पान शांतपणे वाचलं. दोन दिवसांनी तो आला तेव्हा त्याने किंमत थोडी वाढवली होती. नकाशात चार पाईप होते आणि जोतं फूटभर उंच घेतलं होतं. मग त्याने मामांना विचारलं, "काका, मागचा पऱ्या भरतीला तुंबतो काय हो?"

मामा म्हणाले, तुंबतो तर, पौर्णिमा-अमावास्येला खाडीचं पाणी पार त्या आंब्यापर्यंत येतं. ते उठले आणि त्याला आंबा दाखवायला घेऊन गेले. चाळीस वर्षं त्या जागेत राहून मामांना हे ठाऊक होतं. घर बांधताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.